फुफ्फुसाआडचे हृदय : एका अभ्यासक्षेत्राची प्रस्तावना

हृदय आणि फुफ्फुसे एकाच छातीत नांदतात. वैद्यकात मात्र त्यांच्या चुली कधीच वेगळ्या झाल्या. हृदयाचा डॉक्टर वेगळा, छातीचा वेगळा. दोघांची पुस्तके वेगळी, परिषदा वेगळ्या. रुग्णाला या वाटणीची कल्पना नसते. तो एकच तक्रार घेऊन येतो : दम लागतो. आधी शेतातून परतताना लागायचा, मग अंगणात लागू लागला, आता आंघोळ करतानाही लागतो. ही धाप फुफ्फुसाची किती आणि हृदयाची किती, हा प्रश्न ऐकायला साधा आहे. फुफ्फुसाचा आजार फार पुढे गेलेला असला, की त्याचे उत्तर देताना भलेभले चाचपडतात. शरीरात नळी न घालता, म्हणजे ईसीजी, इको, सीटी स्कॅन, रक्ततपासणी आणि चालण्याची चाचणी एवढ्याच बळावर अशा रुग्णाच्या हृदयाचा अंदाज कसा घ्यावा, याचा विचार करणारे एक अभ्यासक्षेत्र गेल्या काही दशकांत उभे राहिले आहे. वाचकांना त्या क्षेत्राच्या दारापर्यंत आणून सोडावे, एवढाच या लेखनाचा हेतू.

हा विषय मोठ्या शहरातल्या प्रत्यारोपण केंद्राचा आहे, असा समज सहज होतो. प्रत्यारोपणाच्या यादीतल्या रुग्णांनी तो पुढे नेला, हे खरेच आहे. पण त्याची गरज कुठे आहे, हे पाहायचे तर शेलूबाजारसारख्या गावातून पाहावे. वाशिम जिल्ह्यातल्या मंगरूळपीर तालुक्यातले हे चौफुलीचे गाव. अकोल्याहून मंगरूळपीरला जाणारा रस्ता इथे कारंजा-मालेगाव रस्त्याला छेदतो, आणि आता समृद्धी महामार्गही जवळून गेला आहे. आसपासची शेती सोयाबीन, तूर, कपाशीची. कपाशी निघाली की पऱ्हाट्या आणि तूर निघाली की तुराट्या घरामागे रचल्या जातात आणि वर्षभर चुलीत जातात. २०१६ साली सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गॅस घरोघरी आणला, तरी अंघोळीचे पाणी अजून कितीतरी घरांत चुलीवरच तापते. ज्या बाईने चाळीस वर्षे फुंकणीने चूल पेटवली, तिच्या फुफ्फुसांनी तो धूर साठवलेला असतो. विडी ओढणारे पुरुष आहेत, लहानपणी किंवा तरुणपणी क्षयरोग होऊन गेलेले लोक आहेत. हे सारे आज साठीच्या घरात आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना रक्तदाब किंवा मधुमेहही आहे. त्यांच्यासमोर कोणी तज्ज्ञ आधी बसत नाही. आधी असतो तो एखादा तरुण वैद्यकीय अधिकारी, एक ईसीजी यंत्र आणि अकोल्याला पाठवायचे की नाही हा निर्णय.

चुलीचा धूर आणि उजव्या बाजूचे हृदय यांचे नाते जगापुढे ठसठशीतपणे मांडण्यात भारताचा वाटा मोठा आहे, आणि याचा अभिमान वाचकांनी जरूर बाळगावा. डॉ. एस. पद्मावती या देशातल्या पहिल्या महिला हृदयरोगतज्ज्ञ मानल्या जातात. दिल्लीत काम करताना फुफ्फुसाच्या आजारामुळे हृदय खचलेल्या १२७ रुग्णांचा अभ्यास त्यांनी सहकाऱ्यासह १९५९ साली ‘सर्क्युलेशन’ या अमेरिकी नियतकालिकात प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य पुस्तकांतला असा रुग्ण म्हणजे सिगारेट ओढणारा वयस्क पुरुष. दिल्लीच्या वॉर्डात मात्र बायकाही जवळपास तितक्याच होत्या. पुढे १९७६ साली त्यांनी हा फरक नीट तपासला. पुरुष रुग्णांत चारांतले तीन धूम्रपान करणारे होते, बायकांत दहांत जेमतेम एक. तरीही आजाराचे प्रमाण सारखेच. बोट स्वयंपाकघराकडे जात होते. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली ‘लॅन्सेट’मध्ये धूम्रपान न करणाऱ्यांमधल्या सीओपीडीवर, म्हणजे श्वासमार्ग अरुंद करणाऱ्या फुफ्फुसाच्या जुनाट आजारावर लिहिले, तेव्हा जगाचे लक्ष पुन्हा एकदा याच चुलीकडे वळले.

आता मूळ यंत्रणेकडे येऊ. तपासण्यांच्या बारकाव्यांत शिरण्यापूर्वी वाचकांनी ती समजून घेतली, तर पुढचे बरेच काही आपोआप उलगडते. फुफ्फुसाच्या ज्या भागात प्राणवायू कमी पोहोचतो, तिथल्या बारीक रक्तवाहिन्या आवळल्या जातात. ऑयलर आणि लिल्येस्ट्रांड यांनी १९४६ साली हे दाखवून दिले. निरोगी माणसात ही मोठी सोय आहे : वाया जाणारे रक्त चांगल्या हवेच्या भागाकडे वळते. पण फुफ्फुसच सगळीकडून बिघडलेले असेल, तर सगळीकडेच वाहिन्या आवळल्या जातात. शिवाय एम्फिसीमात फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक फुग्यांच्या भिंतींबरोबर केशवाहिन्यांचे जाळेही नाहीसे होते आणि फायब्रोसिसमध्ये ते वणात गुरफटते. फुफ्फुसधमनीतला दाब वाढतो. तो दाब ज्याला पेलायचा असतो, तो उजवा खालचा कप्पा मुळात पातळ भिंतीचा, जेमतेम तीन-चार मिलिमीटर जाडीचा. कमी दाबावर भरपूर रक्त पुढे ढकलायचे, याचीच त्याला सवय. आधी त्याची भिंत जाडावते, मग तो फुगतो आणि शेवटी थकतो.

इथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे. सीओपीडीच्या बहुतेक रुग्णांत हा दाब थोडा किंवा मध्यमच वाढतो. फार वाढलेला दाब थोड्यांतच सापडतो, आणि सापडला तर फुफ्फुसाखेरीज आणखी काही कारण आहे का, हे शोधावे लागते. पायावर सूज दिसली की ‘उजवे हृदय गेले’ असे म्हणण्याची घाईही करू नये. रक्तात कर्बद्विप्राणिल वायू साचला की मूत्रपिंडे मीठ-पाणी धरून ठेवतात आणि हृदय बऱ्यापैकी चालत असतानाही पाय सुजतात. उलट बाजूने, दम्याच्या नावावर वर्षानुवर्षे पंप घेणाऱ्याचे डावे हृदयच कमकुवत असू शकते. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २००५ साली सीओपीडीचे निदान झालेल्या, प्रकृती स्थिर असलेल्या ४०५ वृद्धांची कसून तपासणी केली. त्यांतल्या ८३ जणांना, म्हणजे पाचांत एकाला, हृदयाची दुर्बलता होती आणि ती तोवर कोणाच्या लक्षात आलेली नव्हती. एवढ्यावरून या क्षेत्राचे महत्त्व ध्यानात यावे.

मग तपासणी करायला अडचण ती काय? अडचण ही, की ज्याच्यामुळे हृदयाची शंका येते, तेच फुफ्फुस तपासणीच्या वाटेत उभे असते. या क्षेत्रातली जवळजवळ प्रत्येक गुंतागुंत इथूनच निघते. तपासणी हृदयाची असते, पण उत्तरात फुफ्फुसही बोलत असते. त्यातले फुफ्फुसाचे बोलणे कोणते, हे ओळखता येणे म्हणजेच हा विषय येणे, असे माझे मत आहे.

ईसीजीपासूनच सुरुवात करू, कारण ती आपल्या सर्वांत जवळ आहे. हवेने फुगलेली फुफ्फुसे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला खाली दाबतात. हृदय लांबट होऊन खाली उतरते आणि उभे लटकते. छातीवर ठरलेल्या जागी लावलेल्या ताराच मग हृदयाच्या मानाने वर पडतात. हवेतून विजेचे संकेत नीट येत नाहीत, म्हणून सगळ्या लाटा बुटक्या होतात. दुसऱ्या लीडमध्ये ‘पी’ लाट अडीच मिलिमीटरपेक्षा उंच आणि टोकदार दिसते. आणि छातीच्या लीड्समध्ये ‘आर’ लाट जशी पुढे पुढे वाढायला हवी, तशी वाढत नाही. शेवटची ही खूण फार फसवी आहे, कारण हृदयाच्या पुढच्या भिंतीला जुना झटका येऊन गेला असेल तरी चित्र असेच दिसते. यंत्र तर कागदाच्या वर ‘जुना इन्फार्क्ट’ असे छापूनही देते. चुलीपुढे आयुष्य गेलेल्या बाईला कधीच न आलेल्या झटक्याची औषधे त्या एका ओळीवर जन्मभर चालू राहू शकतात. अशा वेळी छातीच्या तारा एक बरगडी खाली लावून ईसीजी पुन्हा काढून पाहावी. ‘आर’ लाट उगवली, तर तो झटका बहुधा कागदावरचाच होता. ही युक्ती बिनखर्चाची आहे आणि कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात करता येते.

इको हा या क्षेत्राचा कणा. १९५३ साली स्वीडनमधल्या लुंड इथे इंगे एडलर आणि हेल्मुट हर्ट्झ यांनी ध्वनिलहरींनी धडधडते हृदय टिपले, तिथून ही विद्या सुरू झाली. पण ध्वनिलहरींचे आणि हवेचे वैर आहे. हृदय आणि बरगड्या यांच्यामध्ये फुगलेले फुफ्फुस आले, की पडद्यावर राखाडी धुक्याखेरीज काही दिसत नाही. जाणता तंत्रज्ञ अशा वेळी छातीवर वेळ घालवत नाही. तो रुग्णाला उताणा निजवून गुडघे दुमडायला लावतो, पोटाचे स्नायू सैल होऊ देतो, छातीच्या मधल्या हाडाच्या टोकाखाली प्रोब ठेवून तो जवळजवळ आडवा करतो आणि वर खांद्याच्या दिशेने रोखतो. रुग्णाला जमेल तेवढा श्वास घेऊन धरायला सांगतो. खाली उतरलेले हृदय आता यकृताच्या आडून स्वच्छ दिसते. ज्या फुगवट्याने छातीवरची खिडकी बंद केली, त्यानेच पोटाकडची उघडून दिलेली असते. क्षयाने एका बाजूचे फुफ्फुस आक्रसले असेल, तर प्रकार आणखी वेगळा : हृदय त्या बाजूला ओढले जाते आणि प्रोब भलत्याच जागी, कधी पार काखेजवळ ठेवावा लागतो. म्हणून छातीचा एक्स-रे पाहिल्याशिवाय अशा रुग्णाच्या इकोला बसू नये.

फुफ्फुसधमनीतला दाब बाहेरून मोजण्याची कल्पना मोठी सुंदर आहे. उजव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप बहुतेकांत थोडी गळते. उजवा खालचा कप्पा आकुंचन पावला, की रक्ताची एक बारीक धार त्या फटीतून मागे उडते. शेतातल्या मोटरीच्या पाइपावर अंगठा दाबला की पाणी किती जोरात उडते यावरून मागच्या दाबाचा अंदाज येतो, तसाच हा प्रकार. डॉपलरने धारेचा वेग मोजायचा, त्याचा वर्ग करायचा आणि चाराने गुणायचे. वेग सेकंदाला ३ मीटर असेल, तर दाबातला फरक पाऱ्याचे ३६ मिलिमीटर. त्यात वरच्या कप्प्याच्या दाबाचा अंदाज मिळवला, की उत्तर हाती आले. पॉल यॉक आणि रिचर्ड पॉप यांनी १९८४ साली ही पद्धत उजव्या बाजूसाठी प्रत्यक्ष नळीने घेतलेल्या मापांशी ताडून दाखवली आणि जगभरच्या इको खोल्यांत ती रुजली.

आता तिचा कच्चा दुवा पाहा. वेगाचा वर्ग होत असल्यामुळे लहान चूक मोठी होते. धुक्यातली धार ३ ऐवजी ३.५ मीटर वाचली गेली, तर ३६ चे ४९ होतात. धारेच्या दिशेशी प्रोबचा कोन जुळला नाही, तर वेग खराखुरा असतो त्याहून कमी दिसतो. वरच्या कप्प्याच्या दाबाचा अंदाज पोटातल्या महाशिरेच्या जाडीवरून आणि श्वासाबरोबर ती किती आक्रसते यावरून बांधतात. पण धापा टाकणाऱ्या माणसाची ती शीर प्रत्येक श्वासाला ओढली जाते, तिच्यावर विश्वास किती ठेवायचा? आणि अनेकदा धारच नीट सापडत नाही.

या शंकांना आकड्यांचे वजन आले ते २००३ साली. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात फुफ्फुस प्रत्यारोपणासाठी तपासल्या गेलेल्या ३७४ रुग्णांचा अभ्यास अर्कासॉय आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केला. या सर्वांची इको झाली होती आणि हृदयात नळी घालून दाबही मोजला होता. इकोवर दाब सांगता आला तो केवळ ४४ टक्के रुग्णांत. जिथे सांगता आला, तिथेही निम्म्याहून अधिक, म्हणजे ५२ टक्के आकडे प्रत्यक्ष दाबापासून १० मिलिमीटरहून जास्त दूर होते. फुफ्फुसीय दाब वाढलेला नसताना तो वाढला आहे असा शिक्का जवळपास निम्म्यांवर बसला होता. या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकांनी एकच शोधनिबंध वाचायचा ठरवला, तर हा वाचावा. तो वाचून इकोवरचा विश्वास उडू नये; इकोला कोणता प्रश्न विचारायचा, हे मात्र कळावे. दाबाचा नेमका आकडा हा इकोचा सर्वांत दुबळा भाग. उजवा कप्पा फुगला आहे का, दोन कप्प्यांमधला पडदा डावीकडे ढकलला जाऊन सपाट झाला आहे का, झडपेची कडा प्रत्येक ठोक्याला १७ मिलिमीटर तरी सरकते का, डाव्या कप्प्याचे काम कसे आहे, या प्रश्नांवर तीच इको बऱ्याच भरवशाचे बोलते.

प्रत्यक्ष मापाची पद्धत, म्हणजे उजव्या हृदयात नळी घालणे, हीदेखील वाचकांनी परकी मानू नये. १९२९ साली जर्मनीत वेर्नर फोर्समान या पंचविशीतल्या डॉक्टरने स्वतःच्याच हाताच्या शिरेतून नळी हृदयापर्यंत सरकवली आणि चालत जाऊन एक्स-रे काढून घेतला. त्या कल्पनेला रोजच्या उपयोगात आणले ते न्यूयॉर्कच्या आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी. तिघांना १९५६ सालचे नोबेल मिळाले. गंमत अशी, की कूर्नां आणि रिचर्ड्स यांचा मूळ ध्यास फुफ्फुसाच्या कार्याचा होता. फुफ्फुस समजून घेण्यासाठी ते हृदयात शिरले. वेगळ्या चुली मांडल्या जाण्याआधीची ही गोष्ट आहे. आजही अंतिम निवाडा नळीचाच. फुफ्फुसधमनीतला सरासरी दाब २५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त असला तर तो वाढलेला, अशी व्याख्या अनेक दशके चालली. २०१८ नंतर २० च्या वर असा उंबरठा आला. प्रत्येकाच्या हृदयात नळी घालता येत नाही आणि घालूही नये. कोणाला त्यासाठी नागपूर-मुंबईपर्यंत पाठवायचे, हे ठरवणे हेच बाहेरून होणाऱ्या तपासण्यांचे खरे काम.

उजव्या बाजूवर इतका वेळ खर्च केल्यावर हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांकडेही वळायला हवे. छातीत दुखते, धाप लागते, वय साठ. शहरात पहिला सल्ला ट्रेडमिलचा मिळतो. साठ वर्षांच्या माणसाने २२० वजा वय, म्हणजे १६० च्या ८५ टक्के, अर्थात १३६ ठोक्यांपर्यंत पोहोचावे अशी अपेक्षा असते. फुफ्फुसाचा रुग्ण दोन मिनिटांत, शंभराच्या आसपासच, श्वास संपून पट्टा थांबवायला सांगतो. त्याच्या अहवालावर ‘बदल आढळले नाहीत’ असे लिहिलेले असते आणि घरची मंडळी निश्चिंत होतात. वस्तुतः हृदयावर ताण आलाच नाही. ती चाचणी निकालापर्यंत गेलीच नाही.

चालता येत नसेल तर औषधाने ताण देण्याचा मार्ग आहे, पण तिथेही फुफ्फुस हजर असतेच. अॅडिनोसिन आणि डायपिरिडामोल ही नेहमीची औषधे श्वासनलिका आवळू शकतात. दम्याच्या माणसाला ती सहसा देत नाहीत. त्यात आपल्याकडची एक खास गोष्ट : धापेच्या जुन्या रुग्णाच्या खिशात डेरिफायलिनची पट्टी हमखास असते. त्यातले थिओफायलिन याच औषधांचा परिणाम अडवते, म्हणून अशा माणसाची चाचणी खोटी ‘नॉर्मल’ येऊ शकते. चहातल्या कॅफिनचेही तेच. म्हणून तपासणीला पाठवताना रुग्ण काय घेतो, याची चौकशी चिठ्ठीच्या औपचारिकतेपुरती करू नये. डोब्युटामिन श्वासनलिकांना त्रास देत नाही आणि बहुधा तेच निवडले जाते. त्यावरची इको मात्र पुन्हा धुक्यात करावी लागते, शिवाय ठोक्यांची लय बिघडण्याची शक्यता असते. सीटी अँजिओग्राफी हवी, तर ठोके कमी हवेत आणि काही सेकंद श्वास धरता यायला हवा. ज्याला तो धरता येत नाही, त्याच्या चित्रात हललेल्या रेषाच येतात.

सीटीबद्दल एक सूचना आवर्जून करतो. फुफ्फुसासाठी काढलेला सीटी स्कॅन बहुतेक रुग्णांकडे आधीच असतो, पिशवीत दुमडून. त्याच फिल्मवर हृदयही आहे, पण त्याकडे कोणी पाहत नाही. फुफ्फुसधमनीची रुंदी शेजारच्या महाधमनीपेक्षा जास्त आहे का, हे पट्टीने मोजता येते. जास्त असेल तर दाब वाढल्याची शंका बळावते. (फायब्रोसिसमध्ये ही खूण ढिली पडते, कारण तिथे धमनी दाब न वाढताही रुंदावते.) हृदयाच्या रक्तवाहिन्यांत साचलेला चुना पांढऱ्या रेघांनी दिसतो. नवी तपासणी लिहिण्यापूर्वी जुनी नीट वाचावी, हा धडा या क्षेत्राने मला दिला आणि त्याने रुग्णांचे पैसेही वाचतात.

रक्तातले बीएनपी हे संप्रेरक हृदय ताणले गेल्याचे सांगते. कोणती बाजू ताणली गेली, ते सांगत नाही. ते अगदी कमी आले, तर मात्र हृदयाची शंका बरीच मावळते, आणि हा त्याचा उपयोग मोठा आहे. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर करोनाच्या साथीत घराघरांत पोहोचला. थंड बोटे आणि नखांवरचा रंग यांमुळे त्याचा आकडा चुकू शकतो आणि सावळ्या त्वचेवर तो थोडा चढा आकडा दाखवू शकतो, हे जाणून वापरला तर तो खरा मित्र. सहा मिनिटे चालण्याची चाचणी मला या सगळ्यांत अधिक प्रिय आहे. तीस मीटरची सपाट जागा, दोन्ही टोकांना खूण, एक घड्याळ, एक ऑक्सिमीटर. रुग्णाने आपल्या चालीने फेऱ्या मारायच्या, थांबावेसे वाटले तर थांबायचे, घड्याळ मात्र चालूच ठेवायचे. किती मीटर झाले, हे तर नोंदवायचेच. पण बसून ९४ असलेला प्राणवायू तिसऱ्या फेरीला ८२ वर येतो का, हेही पाहायचे. रक्तातला प्राणवायू मुळातच फार उतरलेला असेल, तर दिवसातले पंधरा तास किंवा अधिक प्राणवायू दिल्याने आयुष्य वाढते, हे १९८०-८१ मधल्या अमेरिकी आणि ब्रिटिश चाचण्यांनी दाखवले आहे. फुफ्फुसधमनीचा दाब थोपवण्याचा तोही एक मार्ग.

विदर्भात हा विषय शिकणाऱ्याने सेवाग्रामची परंपरा माहीत करून घ्यावी. १९६९ साली सुरू झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत हाताने, कानाने आणि डोळ्याने होणाऱ्या तपासणीलाच कसोटीला लावणारे अभ्यास झाले : छातीत पाणी झाल्याच्या खुणा ठोकून-ऐकून कितपत खऱ्या ठरतात (२००७), पापणीचा फिकेपणा पाहून रक्तक्षय कितपत ओळखता येतो (२०१०). कस्तुरबा रुग्णालयातल्या खेड्यापाड्यांतल्या रुग्णांवर झालेले हे काम जागतिक नियतकालिकांत छापून आले. जी खूण आपण रोज वापरतो, तिला आपणच प्रश्न विचारावेत, ही वृत्ती त्यामागे आहे. आपल्या विषयाला ती नेमकी हवी. फुगलेल्या छातीवर हृदयाचे आवाज दबतात. स्टेथोस्कोप पोटाच्या वरच्या खळगीत ठेवला तर तेच आवाज स्पष्ट येतात आणि बोट तिथेच आत दाबले तर थकलेल्या उजव्या कप्प्याचा ठोकाही लागतो. ही खूण आपल्या रुग्णांत किती वेळा खरी निघते, हे मोजायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. वाशिमला २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. असे अभ्यास आता जिल्ह्यातच व्हावेत, अशी अपेक्षा ठेवायला हरकत नाही.

वाचकांनी या विषयात कोणत्या क्रमाने शिरावे? माझ्या मते इकोच्या पुस्तकापासून सुरुवात करू नये. आधी फुफ्फुस कसे फुगते आणि पडदा कुठे जातो, ते एक्स-रेवर पाहा. मग त्याच रुग्णाची ईसीजी हातात घ्या, आणि त्यानंतर इको खोलीत जाऊन उभे राहा. आकड्यांकडे नंतर बघा. प्रोब कुठे ठेवला जातो आणि तंत्रज्ञ कुठे अडतो, याकडे आधी लक्ष द्या. तुम्ही डॉक्टर नसाल, घरातल्या कोणासाठी हे वाचत असाल, तर एवढे करा : जुन्या सगळ्या ईसीजी, एक्स-रे आणि सीटीच्या फिल्म तारखेनुसार एकत्र ठेवा आणि चालू औषधांच्या पट्ट्या बरोबर न्या. चार वर्षांपूर्वीची ईसीजी शेजारी ठेवली, की आजच्या ईसीजीतला विचित्रपणा जुना आहे की नवा, हे क्षणात कळते.

आणि इकोच्या अहवालात ‘टीआर जेट अपुरा, दाब सांगता येत नाही’ अशी ओळ दिसली, म्हणजे झडपेतून मागे उडणारी ती धार नीट सापडली नाही असे लिहिलेले असले, तर तपासणी वाया गेली असे मानू नका. फुगलेल्या फुफ्फुसाच्या रुग्णात ओढूनताणून लिहिलेल्या आकड्यापेक्षा ही ओळ अधिक विश्वासाची आहे. तो अहवाल लिहिणाऱ्याला उजव्या कप्प्याचा आकार आणि महाशिरेची जाडी विचारा, सीटीवरची धमनी मोजा, रुग्णाला सहा मिनिटे चालवून पाहा. या तीन-चार गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवत असतील, तर त्याला नळीच्या तपासणीसाठी पाठवण्याची चिठ्ठी लिहायला घ्या.